ना. म. जोशी आणि अनुभवाचे मोल

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर प्रवाशांचे अतोनात हाल झाले. वैमानिकांना आठवड्यातून सलग ३६ तासांऐवजी ४८ तासांची विश्रांती मिळावी आणि रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याच्या संख्येवर कडक मर्यादा यावी, असे नवे नियम लागू झाले होते. त्या नियमांना पुरतील इतके वैमानिक कंपनीपाशी नव्हते. गोंधळ वाढताच काही तरतुदींतून तिला फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट देण्यात आली. प्रवाशांची सोय झाली. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. शेकडो माणसांचे प्राण ज्याच्या हाती सोपविलेले असतात, त्याच्या विश्रांतीचे तास आणि त्याच्या अनुभवाची अट कोणी ठरवावयाची? सरकारने एकट्याने, मालकाने आपल्या सोयीने, की ज्याला रात्र जागून ते काम करावयाचे आहे त्याच्याशी समोरासमोर बसून?

हा प्रश्न विमानाबरोबर जन्मलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी तो रेल्वेच्या इंजिनावर उभा होता, आणि आपल्या जिल्ह्यात दौंडसारख्या गावाने तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. रेल्वेने अलीकडे इंजिनाच्या ड्रायव्हरला लोको पायलट असे नाव दिले आणि वैमानिकाशी त्याचे नाते नावातही आले. कामाच्या स्वरूपात ते पूर्वीपासूनच होते. हा प्रश्न मालकाच्या मर्जीतून काढून कायद्याच्या आणि वाटाघाटीच्या मार्गावर आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत नारायण मल्हार जोशी यांचे नाव अग्रभागी आहे. मुंबईतील एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव दिले गेले आहे. परंतु त्यांच्या कार्याचे स्मरण मात्र रस्त्याच्या पाटीपलीकडे फारसे उरलेले नाही.

जोशींचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. शिक्षण पुण्यास झाले. डेक्कन कॉलेजातून १९०१ मध्ये पदवी घेतल्यावर सुमारे आठ वर्षे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. गोखल्यांची शिस्त अशी की, आधी माहिती, मग मत, आणि सर्वांत शेवटी भाषण. जोशींच्या स्वभावाला ही शिस्त मानवली. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणगावात रात्रशाळा, फिरती वाचनालये आणि सहकारी पतपेढ्या असे लीगचे काम चाले. त्यात गाजावाजा नव्हता. पण दहा वर्षे चाळीतून हिंडल्यामुळे कामगाराची मजुरी किती, कर्ज किती, खोलीत माणसे किती आणि झोप किती तास, याचे प्रत्यक्ष ज्ञान त्यांना झाले. पुढे कायदेमंडळात त्यांच्या बोलण्याला जे वजन आले, त्याचे मूळ या दहा वर्षांत आहे. वाटाघाट हाही एक धंदा आहे आणि त्यालाही उमेदवारी करावी लागते, हे जोशींच्या चरित्रातून प्रथम ध्यानात येते.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींची निवड केली. त्या अधिवेशनाने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा ठराव संमत केला. मात्र हिंदुस्थानासाठी वेगळे कलम घालून ती मर्यादा साठ तासांवर ठेवली. आज साठ तास फार वाटतील. परंतु ज्या देशात कारखान्याचा दिवस कायद्यानेच बारा तासांचा होता, तेथे साठ तास ही मोठी मजल होती. या कलमात कारखाने आणि खाणी यांच्याबरोबर रेल्वेकामाच्या काही शाखांचाही उल्लेख होता, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हिंदुस्थानने या ठरावाला १९२१ मध्ये मान्यता दिली.

तथापि या निवडीवर देशात टीका झाली आणि ती रास्तही होती. कामगारांचा प्रतिनिधी सरकारने नेमावा, हे कोणत्या न्यायाने? प्रतिनिधी हा कामगारांच्या प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने निवडला गेला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय करारच होता. मात्र तशी अखिल देशाची संघटना तेव्हा अस्तित्वात नव्हती. ही उणीव भरून काढण्याच्या गरजेतून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष होते. जोशी हे तिच्या संस्थापकांपैकी एक. पुढे १९२५ ते १९२९ आणि पुन्हा १९४० ते १९४८ या काळात तिचे सरचिटणीसपद त्यांच्याकडे होते. ज्या टीकेचे लक्ष्य ते स्वतः झाले होते, त्या टीकेला उत्तर म्हणून त्यांनी वाद घातला नाही. संघटना उभी केली.

१९२१ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळावर कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नियुक्त झाले आणि स्वातंत्र्यापर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, तेथे राहिले. त्या वेळची परिस्थिती कशी होती, याचे एक उदाहरण पुरे आहे. मद्रासमधील बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी १९२० मध्ये तेथील मजूर संघाच्या पुढाऱ्यांवर दावा लावला आणि उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. कामगारांनी एकत्र येऊन काम बंद ठेवणे म्हणजे मालकाशी केलेला करार मोडण्यास चिथावणी देणे, अशी कायद्याची तेव्हाची समजूत होती. मालकांनी एकत्र येऊन मजुरी ठरविली तर तो व्यवहार; मजुरांनी एकत्र येऊन ती नाकारली तर तो कट! मार्च १९२१ मध्ये जोशींनी कायदेमंडळात ठराव मांडला की, कामगार संघटनांची नोंदणी व्हावी आणि त्यांना संरक्षण देणारा कायदा व्हावा. त्या ठरावाचे फळ हाती येण्यास पाच वर्षे लागली. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा संमत झाला आणि १ जून १९२७ पासून तो अमलात आला. संघटनेला कायदेशीर अस्तित्व मिळाले. परंतु मालकाने संघटनेशी बोललेच पाहिजे, असे बंधन मात्र त्या कायद्याने घातले नाही. संघटना नोंदवावी आणि मालकाने तिच्या पत्राचे उत्तरही देऊ नये, असा प्रकार पुढे कित्येक दशके चालू राहिला.

प्रसूतिकाळात स्त्री-कामगारांना साहाय्य मिळावे यासाठी जोशींनी १९२४ मध्ये विधेयक आणले; ते कायदेमंडळाने फेटाळले. मुंबई प्रांताने तसा कायदा १९२९ मध्ये केला. पराभूत झालेले विधेयक पाच वर्षांनी दुसऱ्या दाराने आत येते, हा अनुभव जोशींना अनेकदा आला. त्यांच्या चिकाटीचे गमक हेच आहे.

१९२८ साली मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. जोशी आणि डांगे प्रभृती साम्यवादी कार्यकर्ते यांचे मार्ग भिन्न. पण त्या संपात ते एकाच संयुक्त समितीत बसले. हे सख्य मात्र टिकले नाही. १९२९ मध्ये सरकारने मजुरांच्या परिस्थितीच्या चौकशीसाठी व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला आणि जोशींनी त्याचे सदस्यत्व स्वीकारले. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे आयोगावर बहिष्काराचा ठराव बहुमताने संमत झाला. जोशी, व्ही. व्ही. गिरी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. परक्या सरकारच्या आयोगात बसणे म्हणजे त्या सरकारला प्रतिष्ठा देणे, हा विरोधकांचा आक्षेप होता आणि तो हलका नव्हता. जोशींचे गणित निराळे होते. आयोगाचा अहवाल होणारच आहे. तो आपल्यावाचून व्हावा की आपल्यासह, एवढाच पर्याय आपल्या हाती आहे, असे ते मानीत. या दोन भूमिकांपैकी कोणती योग्य, याचा निवाडा घोषणांनी होत नाही. तो करण्यासाठी रेल्वेकडे आणि दौंडकडे वळले पाहिजे.

मुंबईहून सोलापूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग दौंडवरून जातो. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा त्याला येऊन मिळाला आणि दौंड जंक्शन झाले. भीमेच्या काठचे हे गाव त्यानंतर शिट्टीच्या वेळापत्रकावर जगू लागले. येथल्या वसाहतीत ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांच्या पिढ्या नांदल्या. इंजिनावरची चढण तेव्हाही पायरीपायरीची होती. आधी कोळसा टाकणे, मग शंटिंग, मग मालगाडी, मग पॅसेंजर आणि सर्वांत शेवटी मेल. पण ही शिडी सर्वांना सारखी नव्हती. मेलगाडीच्या इंजिनावर बहुधा युरोपियन वा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर असे. हिंदी माणसाच्या गाठीस वर्षानुवर्षांचा अनुभव असूनही त्याची मजल मालगाडीपर्यंत, आणि पगारही कमी. अनुभव हा कामगाराचा. त्याचे मोल ठरविणार मात्र दुसरा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात कौशल्याला किंमत मिळते असे शिकविले जाते. ती किंमत आपोआप मिळत नाही, सौदा करण्याची ताकद असेल तरच मिळते, हे दौंडच्या इंजिन शेडमधल्या फायरमनला पुस्तकावाचून ठाऊक होते.

वॉशिंग्टनच्या ठरावातील तासांची मर्यादा रेल्वेला लागू करणारी दुरुस्ती १९३० मध्ये, म्हणजे मान्यतेनंतर नऊ वर्षांनी, रेल्वे कायद्यात करण्यात आली. अखंड काम करणाऱ्यास आठवड्याला साठ तास आणि अधूनमधून काम असणाऱ्यास चौऱ्याऐंशी तास, अशी तिची विभागणी होती. स्टेशनवरचा माणूस या मर्यादेत आला. परंतु चालत्या गाडीवरचे कर्मचारी, म्हणजे ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड, त्या नियमांच्या बाहेर ठेवण्यात आले. गाडी केव्हा पोचेल हे सांगता येत नाही, तेव्हा ड्रायव्हरचे तास बांधता येत नाहीत, असा युक्तिवाद होता. म्हणजे ज्याच्या डोळ्यावर झोप आली असता सर्वाधिक हानी व्हावयाची, त्याच्याच जागरणाला कायद्याने सीमा घातली नाही! व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात रेल्वेसाठी प्रशासन आणि कामगार यांचे प्रतिनिधी एकत्र बसतील असे कायमचे संयुक्त मंडळ सुचविले. सरकारने ते मनावर घेतले नाही. चर्चेच्या बैठकीत ज्याला जागा नसते, त्याची गैरसोय नियमात मोजलीच जात नाही. वगळलेल्या ड्रायव्हरचे उदाहरण याहून वेगळे काय सांगते?

दुसऱ्या महायुद्धानंतर महागाईने कहर केला आणि १९४६ च्या जूनमध्ये देशव्यापी रेल्वे संपाची वेळ येऊन ठेपली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांना रेल्वे कामगारांचे तास, विश्रांती आणि रजा यांविषयी लवाद म्हणून नेमण्यात आले. १९४७ च्या त्यांच्या निवाड्याने अखंड कामासाठी आठवड्याला चोपन्न तास ठरले आणि चालत्या गाडीवरील कर्मचारी प्रथमच तासांच्या चौकटीत आले. वॉशिंग्टनपासून येथवर अठ्ठावीस वर्षे लागली. त्याच सुमारास नेमलेल्या पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाचे जोशी सदस्य होते. १ जानेवारी १९५२ पासून रेल्वेत कायमची वाटाघाट यंत्रणा सुरू झाली. व्हिटले आयोगाच्या शिफारशीतील गाभा वीस वर्षांनी प्रत्यक्षात आला. त्यानंतर तीन वर्षांनी, ३० मे १९५५ रोजी, जोशींचे निधन झाले. नागपूरच्या वादाचा निवाडा करावयाचा तर असे म्हणावे लागेल की, जोशी बैठकीत गेले म्हणून सर्व काही मिळाले असे नाही. आणि बाहेरच्या संपाच्या दडपणावाचून १९४६ चा लवादही नेमला गेला नसता. पण दडपणाने जे मिळाले ते कलमात बांधून ठेवण्याचे काम बैठकीतच झाले. एकाशिवाय दुसरे पांगळे आहे.

त्यानंतरचा इतिहास हेच दाखवितो. १९७३ मध्ये इंजिनावरील कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा दहा तासांच्या ड्यूटीचे आश्वासन मिळाले. त्याच्या अंमलबजावणीवरून, आणि दहा तास कोठून मोजावयाचे यावरून, पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. मे १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप सरकारने मोडून काढला. आश्वासन देणे सोपे; ते पाळले जाते की नाही हे पाहणारी दोन्ही पक्षांची समिती नसेल तर ते कागदावर राहते.

आज शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेकडो मुले आय.टी.आय. करून सहायक लोको पायलटच्या परीक्षेची तयारी करतात. २०२४ मध्ये या पदाच्या जागा आधी ५,६९६ जाहीर झाल्या आणि काही महिन्यांतच त्या १८,७९९ करण्यात आल्या. गरज मोठी होती हे उघड आहे. पण ड्रायव्हर परीक्षेने तयार होत नाही. इंजिनावर ठरावीक काळ काढल्याखेरीज, घाट, वळणे आणि सिग्नल अंगवळणी पडेपर्यंत मार्ग शिकल्याखेरीज, गाडी त्याच्या स्वाधीन करता येत नाही. भरतीस झालेल्या उशिराची भरपाई अनुभवाची अट सैल करून किंवा असलेल्या माणसांचे तास वाढवून करणे, हा मोह प्रत्येक प्रशासनाला होतो. विमान कंपन्यांनाही तोच होतो.

अमेरिकेचा दाखला बोधप्रद आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ एका प्रादेशिक विमान कंपनीचे विमान कोसळून पन्नास माणसे दगावली. त्यानंतर तेथील संसदेने कायदा केला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणतः १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक ठरला. प्रादेशिक कंपन्यांनी वैमानिकांच्या दुर्भिक्षाची तक्रार केली. संघटनांचे म्हणणे होते की, दुर्भिक्ष माणसांचे नसून पुरेशा पगाराचे आहे. २०२२ मध्ये अनेक प्रादेशिक कंपन्यांनी वेतन एकदम वाढविले, तेव्हा संघटनांच्या म्हणण्यात तथ्य होते हे दिसून आले. मात्र त्या अपघातातील दोन्ही वैमानिकांच्या नावे १,५०० हून अधिक तास होते, हेही विसरता येत नाही. त्या चौकशीत थकव्याचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्नही पुढे आला होता. तात्पर्य, अनुभव, विश्रांती आणि वेतन या तिन्ही गोष्टी एकाच वाटाघाटीत ठरवाव्या लागतात. यातली एक सुटी काढून तिच्यावर नियम केला की, उरलेल्या दोन तो नियम निष्फळ करतात.

शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. परंतु प्रश्न तोच आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, तसेच दौंडजवळच्या कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांच्या परिसरात, कंत्राटी कामगारांची संख्या मोठी आहे. यंत्र तेच, पाळी तीच; कंत्राटदार बदलला की त्या कामगाराची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाण्याची भीती असते. रासायनिक कारखान्यात कोणती झडप केव्हा बंद करावी हे ज्याला सवयीने कळते, त्याचा अनुभव हा सुरक्षिततेचा पाया आहे. त्याची नोंद कोठेच नसेल तर अनुभवाचे मोल मागावयाचे कोणत्या आधारावर?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशात लागू झाल्या आणि जोशींच्या प्रयत्नांतून आलेला १९२६ चा कायदा औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला. या संहितेत एक गोष्ट अशी आहे की जी जोशींना आयुष्यभर मिळाली नाही: एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा हक्क आणि तसा पाठिंबा कोणालाच नसेल तर वाटाघाट परिषद. दुसरी गोष्ट चिंतेची आहे. संपापूर्वी चौदा दिवसांच्या नोटिशीचे बंधन १९२९ च्या कायद्याने रेल्वेसारख्या सार्वजनिक सेवांपुरते घातले होते. ते आता सर्वच उद्योगांना लागू झाले आहे. म्हणजे बैठकीचे दार उघडले आणि त्याच वेळी बाहेरच्या दडपणावर बंधन वाढले. अशा वेळी बैठकीत कोण बसतो, याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व येते.

यासाठी तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. वाटाघाट परिषदेत कंत्राटी कामगारांचाही आवाज पोचला पाहिजे. अन्यथा १९३० मध्ये वगळलेल्या ड्रायव्हरची जागा आज तो घेईल. सेवेची आणि कौशल्याची नोंद कंत्राटदाराबरोबर न संपता कामगाराबरोबर चालत गेली पाहिजे. आणि विश्रांतीच्या अथवा अनुभवाच्या नियमातून सूट द्यावयाची असेल, मग ती विमानात असो वा रेल्वेत, तर संबंधित कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना विचारल्याखेरीज आणि कारणे प्रसिद्ध केल्याखेरीज ती देता कामा नये. यांत क्रांतिकारक असे काही नाही. जोशींनीही क्रांतीची भाषा कधी केली नाही. एका कलमासाठी पाच वर्षे, एका मर्यादेसाठी अठ्ठावीस वर्षे थांबण्याची त्यांची तयारी होती. रात्रीच्या गाडीने दौंड सोडणाऱ्या प्रवाशाला मात्र इतका काळ थांबता येत नाही. पुढच्या इंजिनात बसलेला माणूस जागा आहे आणि जाणता आहे, या भरवशावर तो निर्धास्त झोपतो. तो भरवसा अपघातानंतरच्या चौकशीने नव्हे, आधीच्या वाटाघाटीने राखावयाचा असतो.